नमुन्यावर महिना लिहिणाऱ्या सरोजाक्का

सरोजाक्का मगदूम यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती मी त्यांना फसवलं तेव्हा. गौरवग्रंथातल्या लेखाला अशी सुरुवात शोभत नाही, हे मला कळतं. संपादक मंडळींनी लेख मागताना "आठवणी हृद्य असू द्या" असं बजावलंही होतं. पण ज्या बाईंनी आयुष्यभर कापडात भेसळ चालू दिली नाही, त्यांच्यावरच्या लेखात मी भेसळ केली तर त्या पहिल्याच पानावर ओळखतील, आणि मग पंचाहत्तरीच्या समारंभात माझी काही खैर नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरला माझे आठ पॉवरलूम होते. मी त्या गावात आलो तो सुताच्या गाठी उचलणारा हमाल म्हणून. मग मागावर उभा राहिलो, मग दोन माग भाड्यानं घेतले, आणि पुढं त्याच शेडचा मालक झालो. लोक म्हणतात नशीब. मी म्हणतो कान. डोळे मिटून उभा राहिलो तरी आठांतल्या कुठल्या मागाचा धोटा अडखळतोय हे मला आवाजावरून कळायचं. आणि गिऱ्हाईक काय बोलतंय यापेक्षा काय बोलायचं टाळतंय तेही कळायचं.

तर एका दुपारी फिक्या रंगाची सुती साडी नेसलेल्या, हातात छत्री आणि कापडी पिशवी घेतलेल्या एक बाई शेडच्या दारात उभ्या राहिल्या. "साधं सुती कापड हवंय. न धुतलेलं. सुताला खळ कसली लावता?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न विचारून उत्तराची वाट बघण्याची पद्धत बघितली आणि मी मनाशी म्हटलं, मास्तरीण. तसंच निघालं. कोल्हापुरातल्या मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवून त्यांनी नुकतीच मुदतीआधी निवृत्ती घेतली होती आणि झाडांच्या पानांपासून सुती कापड रंगवण्याचं काम सुरू केलं होतं. मास्तरीण घासाघीस करत नाही, हा माझा अनुभव. मी दोन तागे काढून दिले. "शंभर टक्के कॉटन," असं छातीठोक सांगितलं. त्या ताग्यांच्या बाण्यात, म्हणजे आडव्या सुतात, मी उरलेले पॉलिस्टर मिसळीच्या सुताचे कोन मधेमधे खपवून टाकले होते. तेव्हा असं कोण कोण करायचं ते मी सांगत बसणार नाही. मी केलं होतं एवढं सांगतो.

पंधरवड्यानं त्या परत आल्या. एस.टी.तून उतरून चालत, हातात बोचकं. शेडमध्ये माग चालू असले की सगळंच ओरडून बोलावं लागतं, त्यामुळं पुढचं संभाषण गुप्त राहण्याची काही सोय नव्हती.

"शेठ, हे कापड कसलं?"

"कॉटन की अक्का. शंभर टक्के."

त्यांनी बोचकं सोडलं. आंब्याच्या पानांचा देखणा पिवळा रंग, आणि त्यात वीत-वीत अंतरावर फिकट पट्टे. जणू कापडाला कुणी ओल्या बोटांनी पुसलं होतं.

"रंगवताना कुठंतरी चुकलं असंल," मी म्हणालो.

"असेल. बघू या." त्यांनी पट्ट्यातला एक आडवा धागा ओढून काढला, पिशवीतून काडेपेटी काढली आणि धागा पेटवला. धागा आक्रसला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. माझा जॉबर बापू माग दुरुस्त करण्यात वाघ होता, पण कधी गप्प बसावं हे त्याला आयुष्यात कळलं नाही. तो मोठ्यानं म्हणाला, "मालक, ह्येचा तर मणी झाला की वो!"

"कापूस जळला की राख होते," अक्का म्हणाल्या. "मणी होत नाही. आमच्या सातवीतल्या मुलींना हे माहीत असतं."

"मीबी सातवीपतोर शिकलोय अक्का," मी जरा मऊ पडत म्हणालो.

"मग त्या दिवशी गैरहजर असाल."

बापूनं नीट हसता यावं म्हणून चालू माग बंद केला. मला राग यायला हवा होता. पण अक्कांच्या बोलण्यात विजयाचा सूर नव्हता, आणि ते माझ्या कानांनी टिपलं. त्यांनी फक्त कापड बदलून मागितलं. जाताना म्हणाल्या, "एकदा कोल्हापूरला येऊन रंगवतात कसं ते बघून जा. कापड विणणाऱ्याला आपल्या कापडाचं पुढं काय होतं ते ठाऊक नसतं." ही लबाडी त्यांनी त्यानंतर कधीही, कुणापाशीही उच्चारली नाही. आज मीच सांगतोय, म्हणून या ग्रंथाच्या वाचकांना कळतेय.

या लेखात मी अक्कांचे सगळे गुण क्रमवार मांडणार नाही. ते काम इतर लेखकांनी माझ्यापेक्षा बरं केलं असेल. मला एका वर्षाची हकीकत सांगायची आहे. त्या वर्षी अक्कांचं काम बंद पडण्याच्या बेताला आलं होतं, नऊ बायकांच्या हातचा रोजगार जायची वेळ आली होती आणि त्यांतल्या एका निरपराध बाईवर आळ आला होता. तिन्हींना हातभार लावणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे मी.

पण आधी कामाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे.

अक्कांची शेड रंकाळ्याच्या पलीकडं, ऊस जिथं सुरू होतो तिथं. पत्र्याचं छप्पर, चार चुली, आणि लग्नाच्या आचाऱ्याकडून घेतलेली ॲल्युमिनियमची तीन दांडगी पातेली. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका कोपऱ्यात ढीगभर पानं आणि दुसऱ्या कोपऱ्यात हसणाऱ्या बायका होत्या. मला वाटलं होतं, पानं उकळायची आणि कापड बुडवायचं, संपलं. अक्कांनी मला तीन दिवस रंग दाखवलाच नाही. पहिल्या दिवशी कापड सोड्यात उकळून खळ काढणं. "खळ राहिली की रंग खळीवर बसतो, कापडावर नाही. मग पहिल्या धुण्यात दोघं मिळून जातात." दुसऱ्या दिवशी हिरड्याचं पाणी. तिसऱ्या दिवशी तुरटी. सुती कापड हे अडेलतट्टू असतं. लोकरीसारखं किंवा रेशमासारखं ते रंगाला आपणहून जवळ करत नाही. हिरडा आणि तुरटी मध्ये पडली तरच त्याचं रंगाशी जमतं. हे शास्त्र अक्का नीट समजावून सांगायच्या, पण मला ते पटलं मालन नावाच्या बाईच्या तोंडून. मालन त्या नऊ जणींतली सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत फटकळ. ती म्हणाली, "मामा, लगीन हाय हे. हिरड्याची हळद, तुरटीचं न्हाण, आनि मग रंगाचा शालू. तुमी आपले वऱ्हाडी म्हणून आलायसा, जेवण होस्तोवर गप बसा."

मालन पूर्वी एका प्रोसेसमध्ये, म्हणजे रासायनिक रंगाच्या कारखान्यात, कामाला होती. तो बंद पडला तेव्हा दोन मुलींना घेऊन ती अक्कांकडे आली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

पुढं कापड पोचवायला आणि शेडचा हिशेब बघायला मी तिथं वरचेवर जाऊ लागलो आणि अक्कांच्या पानांचे रंग एकेक शिकत गेलो. आंब्याचा पिवळा, पेरूचा खाकी, मेंदीचा बदामी, निळीच्या झुडपाचा निळा. या सगळ्यांत मानाचा रंग सागाचा. सागाचं अगदी कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लालभडक होतो. आमच्याकडच्या प्रत्येक पोरानं हा खेळ केलेला असतो. मलकापूरकडच्या बायका ही पानं टोपल्यांतून घेऊन यायच्या. अक्कांची त्यांना सक्त ताकीद, एका फांदीची दोनच पानं घ्यायची. उकळताना मात्र ही पानं लाडात वाढलेल्या लेकीसारखी. आच जरा वाढली की लाल जाऊन मातकट. इथं माझे कान कामाला आले. पाणी खळाखळा व्हायच्या आधी पातेल्याच्या तळाशी एक बारीक चुरचुर सुरू होते. ती मला दाराशी उभा असताना ऐकू यायची. अक्कांनी हे आठ दिवसांत हेरलं. "महादेवराव, हिशेबाची वही राहू द्या, तुमचे कान पातेल्यापाशी आणून बसवा," असं म्हणून त्यांनी मला चक्क एक पाट दिला. स्वतःच्या शेडमध्ये खुर्चीवर बसणारा मी, तिथं पाटावर बसून "काढा, जाळ काढा" असं ओरडत असे. स्वतःच्या आठ मागांच्या मालकपणातही मला एवढी मजा कधी आली नव्हती.

माझ्या शहाणपणाचा उपयोग दरवेळी असा झाला, असं मात्र नाही. काळ्या रंगासाठी लोखंडाचं पाणी लागतं. लेथवर निघणारा लोखंडाचा चुरा आणि गूळ पाण्यात घालून तीन आठवडे मुरवायचं. चुऱ्याला आणि गुळाला कोल्हापुरात काय तोटा? मी हौसेनं बाजारातली उत्तमातली उत्तम, सोन्यासारखी पिवळीधमक ढेप नेऊन दिली. महिना झाला तरी पाणी मुरेना. अक्कांनी ढेपेचा वास घेतला, जिभेवर कण ठेवला आणि म्हणाल्या, "गोरा करायला पावडर मारलीय याला. पावडरीनं पाणी आंबवणारं किण्व मरतं. काळा, ओबडधोबड, कुणी विचारत नाही असला गूळ आणा." त्या दिवसापासून बाजारात जो गूळ शेवटचा, तो आमच्याकडं पहिला.

अक्का उपदेश फार करत नसत. पंचगंगेच्या बिघडलेल्या पाण्यावरून त्या काळात सभा, मोर्चे खूप झाले. अक्का कुठल्या व्यासपीठावर दिसल्या नाहीत. त्यांनी आपल्या पातेल्यांचं पाणी चर खणून मागच्या केळींना सोडलं आणि त्यांची केळी शेडवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला खायला घातली. मीही खाल्लीत. माझ्या प्रोसेसवाल्या मित्रांना मी एकदा विचारलं होतं, तुमच्या पाण्यावरची केळी खाल का? त्यांनी विषय बदलला.

आता त्या वर्षाची गोष्ट.

एका पावसाळ्यात अक्कांनी सागाच्या लाल रंगाचा नमुना पुण्याच्या एका दुकानदारांकडं पाठवला. हातकामाचं कापड विकणारे, जाणते गृहस्थ. सहा महिने काही उत्तर नाही. संक्रांत झाल्यावर एकदम पत्र आलं: लाल रंग पसंत, तान्ह्या मुलांची दुपटी आणि झबली यांसाठी एवढं एवढं कापड हवं, पाडव्याच्या आत. आमच्या दृष्टीनं ती ऑर्डर डोंगराएवढी होती. नऊ जणींनी अक्कांच्या शब्दावर बाकीची कामं सोडली होती, आणि दोन वर्षं त्या अक्कांच्या पेन्शनीच्या आधारावर रेटत होत्या. ही ऑर्डर पार पडली तर काम पायावर उभं राहणार होतं. नाही पडली तर शेड बंद, हे अक्कांनी कुणापासून लपवलं नव्हतं.

घोटाळा कुठं होता ते कोल्हापूरच्या लोकांना एव्हाना कळलं असेल. नमुना आषाढातला आणि ऑर्डर माघातली. माघात सागाला कोवळं पान कुठलं? झाडं खराट्यासारखी उभी असतात. वाळवून ठेवलेली पानं होती, पण पावसात त्यांना दमटपणा लागलेला. ती उकळली तर विटकरी तांबूस रंग यायचा. वाईट नव्हता, पण नमुन्याचा लाल तो नव्हे. अक्का रोज नवं काही करून बघायच्या. पानं जास्त घे, आच कमी कर, तुरटी दोनदा दे. रोज संध्याकाळी वाळत घातलेल्या कापडापुढं उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "अजून नाही." त्यांचा तो आवाज मला ऐकवेना.

शेवटी मी माझ्या पद्धतीनं तोड काढली. इचलकरंजीतून लाल रंगाची पुडी आणली. दुपारी बायका भाकरी खायला केळीच्या सावलीत बसल्या होत्या, अक्का तुरटी आणायला गेल्या होत्या. मी मधल्या पातेल्यात चमचाभर रंग सोडला, डाव फिरवला आणि पाटावर येऊन बसलो. पहिली लबाडी मी पोटासाठी केली होती, ही मायेपोटी केली, अशी माझी मी समजूत घातली. कुणाचं नुकसान आहे? काम तरेल, अक्का हसतील.

संध्याकाळी कापड दोरीवर चढलं. मधल्या पातेल्याचं कापड असं लाल, की रस्त्यानं जाणारा सायकलवाला खाली उतरून बघायला लागला. बायका टाळ्या पिटायच्या बेतात होत्या. अक्का जवळ गेल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पानाचा रंग असा ओरडत नाही." मग त्यांनी कापडाची एक पट्टी लिंबाच्या पाण्यात आणि एक खायच्या सोड्यात बुडवली. पानाचा रंग लिंबानं एका बाजूला सरकतो, सोड्यानं दुसऱ्या. हा तसूभर हलला नाही.

मधलं पातेलं मालनकडं होतं.

मी नळावर हात धुवायला गेलो आणि धुण्याच्या दगडापलीकडून दोघींची कुजबुज ऐकली. कान मोठे असल्याचा फायदा मी आयुष्यभर घेतला. त्या दिवशी त्याची किंमत कळली.

"प्रोसेसवाली हाय ती. तिलाच ठावं पुडी कुठं मिळती."

"पोरींच्या शपता घालती बग, आनि करती काय. पिशवी बगाया पायजे तिची."

कुजबुजीचा पाच मिनिटांत गलका झाला. सगळ्या जमल्या. मालन पातेल्याजवळ ताठ उभी. एवढी बोलकी बाई, पण तिच्या तोंडून एकच वाक्य निघत होतं, "म्या न्हाय टाकलं." एकीनं तिच्या पिशवीला हात घातला, तेव्हा अक्का मध्ये आल्या. आवाज चढवला नाही. "पिशव्या उघडायच्या तर पहिली माझी उघडा. शेडची किल्ली माझ्याकडं असते. मालनचं पातेलं म्हणजे माझं पातेलं. साकु." अक्का सीमेकडच्या गावातल्या. बोलणं संपलं असं सांगायचं झालं की त्यांच्या तोंडून कानडी 'साकु' येतो, म्हणजे पुरे. त्यानंतर वाद घालायची कुणाची छाती नसते. बायका पांगल्या, पण मालनच्या बाजूला कुणी बसलं नाही. ती एकटीच चालत घरी गेली.

मी अर्ध्या तासानं अक्कांच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं. त्या गहू निवडत होत्या. हात थांबला नाही. सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाल्या, "मूल दुपटं चोखतं, महादेवराव."

मी खाली मान घालून गव्हातले खडे वेचू लागलो.

मग त्यांनी विचारलं, "आळ कुणावर आला?"

"मालनवर."

"मग मला सांगून काय उपयोग? तिला सांगा. आणि सगळ्यांसमोर सांगा. आळ सगळ्यांसमोर आला होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नऊ जणींसमोर उभा राहिलो. व्यापारात मी शेकडो माणसांशी बोललोय, पण तेव्हा माझी बोबडी वळली. कसंबसं सांगितलं, मालनची हात जोडून माफी मागितली. मालननं पदरानं नाक पुसलं, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मामा, रंग टाकायची एवढी हौस हुती तर रंगपंचमीपतोर दम धरायचा की! धाच दिस ऱ्हायल्यात." सगळ्या हसल्या. जिनं पिशवीला हात घातला होता, ती हसता हसता रडायला लागली आणि मालनच्या गळ्यात पडली. अक्का हसल्या नाहीत. त्या टेबलाशी पत्र लिहीत होत्या.

पत्र दुकानदारांना होतं. आमच्याकडून एका पातेल्यात बाजारचा रंग मिसळला गेला, ते कापड आम्ही बाजूला काढलं आहे. तुमच्या नमुन्याचा लाल या दिवसांत होत नाही, तो आषाढातला आहे. हे आम्ही आधी सांगायला हवं होतं. मी वाचलं आणि माझ्यातला व्यापारी जागा झाला.

"अक्का, 'काही तांत्रिक अडचणीमुळं' असं लिवलं तर?"

"तांत्रिक अडचण म्हणजे तुम्ही का?"

मी पत्र मुकाट्यानं पोस्टात टाकलं. पत्रात माझं नाव नव्हतं. 'आमच्याकडून' एवढंच होतं. आणि शेवटी एक ओळ होती: नमुन्यावर महिना लिहिला नाही, ही चूक सर्वस्वी माझी.

पुढं सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. दुकानदारांनी ऑर्डर निम्म्याहून खाली आणली. तांबूस आणि पिवळं तेवढं घेतलं. बायकांना तीन महिने अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. दोघी सोडून गेल्या. त्यांना अक्कांनी स्वतः घरी जाऊन सांगितलं की काम वाढलं की निरोप धाडीन, आणि जुन्या शाळेत ओळख काढून एकीला तिथं कामही लावून दिलं. त्या दिवसांत अक्कांच्या तोंडी मी एकदाही "महादेवरावांमुळं" हा शब्द ऐकला नाही. आणि माझे कान कसे आहेत ते वर सांगितलंच आहे.

आषाढात मलकापूरहून पानांच्या टोपल्या आल्या. मी पाटावर बसलो, चुरचुर ऐकली, जाळ काढा म्हणून ओरडलो. लाल उतरला. तो लाल भडक नव्हता, पण बघत राहावं असा होता. त्याच सुमारास पुण्याचे दुकानदार न कळवता शेडवर येऊन थडकले. मालननं त्यांच्या तळहातावर कोवळं पान चोळलं. "घ्या पावणं, हितंच रंगला हात. आता पुण्यापतोर धुऊ नका, बायकूला दावा." त्यांनी खरंच हात धुतला नाही. जाताना म्हणाले, "बाई, मला लाल विकणारे पुष्कळ भेटतात. लाल होत नाही म्हणून लिहिणारं कुणी भेटलं नव्हतं." त्यांनी दुकानात पाटी लावली, 'पानांचा लाल आषाढात मिळेल'. गिऱ्हाईकं वाट बघायला लागली. त्या वर्षापासून आमच्या प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात अक्कांच्या हातानं महिन्याचं नाव लिहिलेलं असतं: चैत्राचा पिवळा, आषाढाचा लाल, कार्तिकातला निळा. सोडून गेलेल्या दोघी दिवाळीआधी परत आल्या. आज शेडवर बायका तिपटीनं आहेत आणि मालन त्यांची मुकादम आहे.

माझ्या पुडीच्या लाल कापडाचं काय झालं, असं कुणी विचारील. ते विकायचं नाही, फेकायचंही नाही, असं अक्कांनी ठरवलं आणि शेडच्या खिडक्यांना त्याचे पडदे शिवले. अजून आहेत. फिके पडलेले नाहीत, तेवढा त्या रंगाचा गुण मान्य केला पाहिजे.

अक्कांच्या माझ्यावरच्या उपकारांची यादी मोठी आहे. मला नीट पत्र लिहायला त्यांनी शिकवलं. माझ्या कच्च्या मसुद्यावर लाल पेन्सिलीनं खुणा करून त्या परत पाठवायच्या; "नम्र विनंती की" नंतर मी काय नम्रपणे मागतोय तेच लिहायचं राहिलंय, अशी एक खूण मला आठवते. हा लेख मी त्यांना न दाखवता देतोय. म्हणून यात चुका असतील. माझे माग मी पुढं शुद्ध सुतावर आणले, त्यातून जे नाव झालं त्याचं मूळही त्या शेडमध्ये आहे.

पण सगळ्यांत मोठा उपकार वेगळा. त्या प्रकारानंतर आठवड्यानं अक्कांनी मला बोलावलं आणि सर्वांसमोर सांगितलं, इथून पुढं शेडमधून बाहेर जाणारा प्रत्येक तागा महादेवराव तपासतील. लिंबू आणि सोडा त्यांच्या ताब्यात. त्यांच्या सहीची चिठ्ठी लागल्याशिवाय कापड बांधायचं नाही.

मालन उसळली. "अक्का! ह्यास्नी? मांजराला दुधाची राखण?"

"त्यांना सगळ्या वाटा माहीत आहेत," अक्का म्हणाल्या. "आपल्याला एकच माहीत आहे."

माणसाला माफ करणारे मी खूप बघितले. माफ करून वर कामाला लावणाऱ्या या एकट्याच. तेव्हापासून दर बुधवारी मी कबनूरहून येतो, पट्ट्या कापतो, बुडवतो, बघतो आणि चिठ्ठीवर सही करतो. मग ती चिठ्ठी अक्कांकडं जाते. अलीकडं त्यांचे गुडघे दुखतात, पातेल्याजवळ स्टूल ठेवावं लागतं, चष्म्याचा नंबर वाढलाय. तरी त्या स्वतः दुसरी पट्टी कापतात, पुन्हा लिंबात घालतात, पुन्हा सोड्यात घालतात, आणि तेव्हा कुठं माझ्या सहीखाली आपली सही करतात. इतकी वर्षं झाली, एक तागा वावगा निघाला नाही, तरी त्यांचा माझ्यावर पुरता विश्वास बसलेला नाही.

अक्का, पंचाहत्तरीनिमित्त सगळे तुम्हाला उदंड आयुष्य मागतील, निरोगी प्रकृती मागतील. मीही तेच मागतो. पण मी व्यापारी माणूस, माझ्या मागण्यात माझाही फायदा बघतो. तुमचा माझ्यावरचा विश्वास इतक्यात बसू नये. अजून खूप वर्षं बसू नये. दर बुधवारी तुम्ही यावं, "सरका जरा, बघू या" म्हणून माझ्या हातातली कात्री घ्यावी, आणि माझ्या सहीखालची ती दुसरी सही तुमच्याच हातची असावी.